बर्फाचा कीस

गोळेवाल्याच्या गाडीपाशी उभं राहिलं की नजर आधी बाटल्यांकडे जाते. काळाखट्टा, ऑरेंज, खस, गुलाब, कच्ची कैरी अशा ओळीने लावलेल्या बाटल्या, भोक पाडलेली बुचं आणि उन्हात चमकणारे रंग. पोरं रंगावरून भांडतात, मोठी माणसं काळ्याखट्ट्यात मसाला किती घालायचा यावरून. बर्फाबद्दल कोणी विचारत नाही. तो गोणपाटाखाली भुशात पडून असतो. गोळेवाला त्याचा तुकडा फडक्यात धरतो, उलट्या बसवलेल्या रंध्यावर खसाखसा घासतो, खाली जमलेला कीस काडीभोवती दाबतो आणि सरबताच्या ग्लासात बुडवून हातात देतो. चार वेळा चोखलं की रंग पोटात जातो, हातात पांढरा गोळा उरतो आणि मग ‘अजून थोडं घाला ना’ सुरू होतं.

ही प्रस्तावना त्या उरलेल्या पांढऱ्या गोळ्याविषयी आहे. त्यातला रंग इतक्या लवकर का गेला, आणि टोकियोतल्या एखाद्या दुकानात वाटीभर किसलेल्या बर्फात तोच रंग शेवटच्या चमच्यापर्यंत कसा टिकतो? प्रश्न पोरकट वाटेल, पण बर्फ किसायचं विजेचं यंत्र घरी आणणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. मोठ्या हौसेने केलेल्या पहिल्या वाटीत वर फिकट खडे आणि तळाला गोड पाणी असा प्रकार होतो, यंत्राला दोष दिला जातो आणि महिन्याभरात ते माळ्यावर जातं.

उत्तर मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे. सुकं खोबरं किसणीवर किसलेलं वेगळं आणि खलबत्त्यात कुटलेलं वेगळं. वस्तू एकच, पण एकाच्या जागी दुसरं घातलं तर खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं. बर्फाचंही तसंच आहे. मिक्सरची पाती बर्फावर आदळून त्याला फोडतात आणि चुरा करतात. त्यात कुठे मोहरीएवढा खडा, कुठे शेंगदाण्याएवढा, आणि सगळं ओलसर. सरबत या खड्यांमधल्या फटींतून थेट तळ गाठतं. किसणाऱ्या यंत्रात पातं जागेवर असतं आणि बर्फाचा ठोकळा त्याच्यावर फिरतो. प्रत्येक फेरीला पातळ पापुद्रा सुटतो. पापुद्रे एकमेकांवर पडताना मध्ये हवा अडकते आणि वाटीत पिंजलेल्या कापसासारखा ढीग साठतो. सरबत या पापुद्र्यांना धरून राहतं. खाताना कुरकुर होत नाही, जिभेवर ठेवला की कीस विरतो.

खरं तर गोळेवाल्याचा रंधासुद्धा कीसच काढतो. पण काडीला चिकटून राहावा म्हणून तो मुठीत घट्ट दाबावा लागतो, आणि दाबला की मधली हवा गेली. चौपाटीवर चालता चालता खायचा पदार्थ वाटी-चमच्यात देऊन कसं चालेल? गोळेवाल्याने काडी निवडली आणि काडीने बाकी सगळं ठरवलं. त्यामुळे गोळ्याला कमअस्सल म्हणण्यात अर्थ नाही. त्याची गरज वेगळी होती, एवढंच.

बर्फ कसा किसायचा हा प्रश्न फार मागाहूनचा. आधी बर्फ हवा, आणि उन्हाळ्यात बर्फ जवळ असणं ही शतकानुशतकं सत्तेची खूण होती. जपानच्या राजदरबारातल्या सेई शोनागोन या बाईंनी इसवी सन १०००च्या सुमारास लिहिलेल्या ‘माकुरा नो सोशी’ या टिपणवहीत देखण्या, नाजूक गोष्टींची एक यादी आहे. नव्या कोऱ्या धातूच्या वाटीत किसलेला आणि वेलीच्या रसाचा पाक घातलेला बर्फ त्या यादीत येतो. हिवाळ्यातला बर्फ बर्फघरांत साठवायचा आणि उन्हाळ्यात दरबाराला पुरवायचा, अशी व्यवस्था तिथे होती. आपल्याकडे अकबराच्या आबदारखान्यात पाणी गार करायला सोरा वापरत. १५८६मध्ये बादशाही मुक्काम पंजाबात हलल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला, असं ‘आइन-इ-अकबरी’ सांगते. बहुतेक रयतेच्या वाट्याला मात्र मातीचं मडकंच होतं.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने. न्यू इंग्लंडमधली गोठलेली तळी कापायची, लाद्या भुशात बांधायच्या आणि उष्ण देशांना विकायच्या, असा त्याचा धंदा. १८३३मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं. दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी ते कोलकात्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढच्याच वर्षी मुंबईलाही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमान आणि पाहुणे सगळेच पडशाने बेजार झाले आणि परदेशी पदार्थ खाल्ल्याची ही शिक्षाच आहे असा शेरा ‘मुंबई समाचार’ने मारला, हा किस्सा मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो. ‘गार खाऊ नकोस, घसा धरेल’ या घरोघरच्या वाक्याला निदान एवढी जुनी परंपरा आहे.

गंमत म्हणजे हाच बॉस्टनचा बर्फ जपानच्या योकोहामा बंदरातही उतरत होता. त्याच्याशी टक्कर द्यायला नाकागावा काहेई या उद्योजकाने उत्तरेकडच्या हाकोदाते इथल्या किल्ल्याच्या खंदकातला बर्फ कापून आणला आणि १८७०नंतर परदेशी बर्फ मागे पडत गेला. १८८७मध्ये मुराकामी हानझाबुरो याने बर्फ किसण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. इकडे कोलकात्यात १८७८मध्ये बंगाल आइस कंपनी उभी राहिली आणि भारतातही बर्फ कारखान्यांत बनू लागला. लादी स्वस्त झाली, हातगाडीवर आली. बॉस्टनच्या एकाच मालाची सवय लागलेली ही दोन बंदरं, पण योकोहामात बर्फ वाटीत गेला आणि मुंबईत काडीला लागला.

इथून पुढे गाण्यात असावीत तशी घराणी होतात. जपानी घराण्याचं नाव काकिगोरी. त्याचा सगळा जीव पात्याच्या धारेत आणि बर्फाच्या शुद्धतेत. निक्को आणि चिचिबूच्या परिसरात थंडीत उघड्या तळ्यांवर सावकाश गोठवलेला नैसर्गिक बर्फ आजही कापला जातो आणि तो वापरणारी दुकानं तसं अभिमानाने सांगतात. ओतीव लोखंडाची हाताने फिरवायची जुनी यंत्रं अजून चालू आहेत. निळ्या लाटांवर लाल अक्षरात ‘बर्फ’ लिहिलेला पांढरा झेंडा दुकानाबाहेर लागला की उन्हाळा आला, असं तिथे समजतात. टोकियोतल्या निशिकसाई भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा झेंडा वाचायला जपानी यावी लागत नाही.

उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या जपानी मजुरांनी हा पदार्थ हवाई बेटांवर नेला. तिथे त्याच्या तळाशी आइस्क्रीमचा गोळा आणि अझुकी नावाची लाल कडधान्यं आली, वर ‘स्नो कॅप’ म्हणून आटवलेलं गोड दूध आलं आणि ली हिंग मुई या खारवलेल्या आंबट आलुबुखाराची भुकटी आली. आंबट-खारट भुकटीची ही आवड काळ्याखट्ट्यावर काळं मीठ भुरभुरणाऱ्याला लगेच ओळखीची वाटेल. हालेइवा गावातलं मात्सुमोतो हे या पदार्थाचं प्रसिद्ध ठिकाण १९५१मध्ये किराणा दुकान म्हणून सुरू झालं होतं. फिलिपिन्समध्ये अमेरिकी अमलात, १९०२ साली, मनिलात बर्फाचा मोठा कारखाना उभा राहिला. पाकवलेली कडधान्यं आणि बर्फ एकत्र खायची रीत तिथल्या जपानी दुकानदारांची. दोहोंतून ‘हालो-हालो’ घडला. नावाचाच अर्थ ‘कालव, कालव’. मलेशियातल्या आइस काचांगमध्येही कडधान्यं, मका आणि जेलीवर बर्फाचा डोंगर असतो. गोड पदार्थात मक्याचे दाणे ही कल्पना पचायला एक वाटी जावी लागते, दुसरीला हरकत राहत नाही.

कोरिया आणि तैवान यांनी मात्र मूळ प्रश्नच बदलला. बर्फ पाण्याचाच का? तैवानच्या ‘शुएहुआ बिंग’साठी गोड दुधाचा ठोकळा गोठवून किसतात. त्याचे पापुद्रे ओढणीच्या चुण्यांसारखे दुमडत पडतात. कोरियात लाल कडधान्यांचा पातबिंगसू जुना आहे. अलीकडच्या दुधाच्या बिंगसूसाठी दुकानांत वेगळी यंत्रं असतात. त्यांतल्या अतिथंड फिरत्या पिंपावर दुधाचा पातळ थर गोठतो आणि तिथल्या तिथे खरवडला जातो. भुरभुरणारा तो हिमकण घरच्या यंत्रात तसाच्या तसा होत नाही. होतो असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. तैवानी पद्धतीचा दुधाचा ठोकळा मात्र घरी उत्तम जमतो.

विजेच्या यंत्राची गोष्ट सांगायची तर न्यू ऑर्लीन्सला जावं लागतं. तिथेही रस्त्यावर हाताने बर्फ किसून सरबत घालून विकत. अर्नेस्ट हॅन्सन या यंत्र-कारागिराला तो हातांनी हाताळलेला बर्फ पसंत नव्हता. १९३४मध्ये त्याने विजेवर चालणारं आणि हात न लावता बर्फ किसणारं यंत्र बनवलं. बायको मेरी हिने सरबतं घरी रटरटवली आणि १९३९पासून दोघांचं दुकान सुरू झालं. १९३६मध्ये त्याच शहरातल्या जॉर्ज ऑर्तोलानोने आपलं यंत्र आणलं. त्या शहरात या पदार्थाला ‘स्नोबॉल’ म्हणतात आणि भरड चुऱ्याच्या ‘स्नो कोन’शी त्याची गल्लत केलेली लोकांना खपत नाही. चुरा आणि कीस यांच्यातला भेद त्यांनी नावातच पक्का केला आहे.

सिसिलीचा ग्रानिता या पंगतीत बसत नाही. तो सरबत गोठताना ढवळून करतात, किसून नाही. रोममधला ग्रात्ताकेक्का मात्र गोळ्याचा सख्खा भाऊ. लादी खरवडायची आणि वर सरबत घालायचं.

भारतीय घराणंही एकसुरी नाही. मुंबईचा गोळा काडीवरचा. राजकोटकडचा गोळा डिशमध्ये पसरतो, त्यावर मावा, मलाई, सुकामेवा असा थाट चढतो आणि एकट्याने संपवायचं म्हटलं तर जेवण सोडावं लागतं. उत्तरेत त्याला चुस्की म्हणतात. महाराष्ट्रातल्या गावांतून सायकलवर फिरणारा गारेगारवाला जातीने वेगळा, त्याचा माल काडीवर गोठवलेल्या सरबताचा. पण ‘गारेगार’ या आरोळीसाठी जी पिढी अनवाणी धावत सुटली, तीच आज विजेची यंत्रं विकत घेते आहे.

यंत्र घ्यायला कारणही घडलं आहे. रस्त्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं, ही शंका जुनी. मासे आणि इतर नाशवंत माल टिकवायला वापरायचा बर्फ आणि खायचा बर्फ दिसायला सारखाच. म्हणून खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम २०१८मध्ये आला. हेतू चांगला होता. पण गोणपाटाखालची लादी किती गिऱ्हाइकं डोकावून पाहतात? घरच्या साच्यात घरचंच गाळलेलं पाणी गोठतं, तिथे ही शंका मिटते. तिच्यापायी गोळेवाल्याला नावं ठेवण्याचा मात्र या पुस्तकाचा हेतू नाही. स्वच्छ बर्फ वापरणारे गोळेवाले आहेत आणि उन्हात आठ तास रंध्यावर हात चालवणं कोणत्याही यंत्राच्या बटणापेक्षा जास्त कसबाचं आहे.

यंत्र कोणतं घ्यावं याबद्दल थोडं परखड बोलायला हवं. दुकानात ‘आइस क्रशर’ आणि ‘आइस शेव्हर’ एकाच फळीवर असतात. पहिल्याने चुरा होतो, दुसऱ्याने कीस. खोक्यावरचं चित्र दोन्हींचं सारखंच देखणं, तेव्हा झाकण उघडून पाहावं. गोल ठोकळ्याचा साचा, ठोकळा पकडून फिरवणारी दातेरी चकती आणि खाली एकच आडवं पातं असेल तर ते कीस काढणारं. पातं खाली-वर करायचा खटका असेल तर आणखी चांगलं. परदेशातून आणणाऱ्यांची फजिती वेगळीच. जपानमधली यंत्रं १०० व्होल्टची आणि अमेरिका-तैवानमधली ११०-१२० व्होल्टच्या आसपासची असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये नुसती पिन बदलून लावली तर मोटर पहिल्याच वाटीला धूर काढते. त्यासाठी योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. घरगुती मोटर सलग चालण्यासाठीही नसते. चार-पाच वाट्या झाल्या की तिला थोडा दम खाऊ द्यावा. पातं धुताना प्लग काढलेला असावा आणि धुतल्यावर ते कोरडं पुसावं, कारण गंजलेल्या पात्याने फक्त चुराच होतो.

आणि इतकं करूनही पहिला कीस बिघडतोच. कारण असं की फ्रीजरमधून काढलेला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. इतका थंड बर्फ ठिसूळ असतो. पात्याखाली त्याचे पापुद्रे न निघता भुकटी उडते. ठोकळा साच्यातून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवावा. आधी त्याच्यावर पांढरं दव चढतं, मग ते जातं आणि पृष्ठभाग काचेसारखा ओला दिसू लागतो. ती वेळ किसायची. जपानी दुकानदार यासाठी थांबतात, आपल्याला थांबवत नाही. गोड दुधाच्या ठोकळ्याला मात्र हा नियम उलटा. साखर आणि स्निग्धांश यांमुळे तो मुळातच मऊ असतो, म्हणून थेट फ्रीजरमधून यंत्रात घालावा, नाहीतर पात्याला राड होते.

दुसरी चूक सरबताची. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. बर्फ तसा चिवट आहे, पण उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं साखरेचं सरबत ३० अंशांवर असतं. त्यातलं ६० मिलिलिटर वाटीत ओतलं की ते गार करण्यातच साधारण २० ग्रॅम कीस खर्ची पडतो. शिवाय साखर बर्फाला शून्याखालीही वितळवते, ते वेगळं. म्हणून सरबत फ्रीजमधलं हवं, वाटीसुद्धा गार हवी आणि पाक जरा दाट हवा. पातळ सरबताने ढीग खचतो. सगळं सरबत वरून एकदम ओतण्यापेक्षा तळाला थोडं, मध्ये थोडं आणि वर थोडं घालावं. थंड जिभेला गोडी कमी जाणवते, तेव्हा चाखताना किंचित जास्त गोड आणि जास्त आंबट लागलं तरच वाटीत ते बरोबर लागतं.

हे पुस्तक इथून सुरू होतं. जगातली घराणी ते दाखवतं, पण त्यांची नक्कल करून दाखवण्यात त्याला रस नाही. माचा चहाची डबी आणि अझुकीचा डबा विकत आणून टोकियो उभं करता येतं, त्यात अवघड काही नाही. अवघड आणि मोलाचं आहे ते इथल्या सरबतांना किसलेल्या बर्फासाठी पुन्हा मांडणं. पेल्यात पाणी घालून प्यायचं कोकम सरबत बर्फावर घातलं तर फिकं पडतं. त्याचं आगळ किती आणि साखर किती, हे प्रमाण नव्याने बसवावं लागतं. पन्ह्यातला कैरीचा गर दाट असतो आणि कीस खचवतो, तो गाळायचा की वरून चमच्याने ठेवायचा? जांभूळ आणि करवंद यांचा हंगाम काही आठवड्यांचा, त्यांचा पाक केव्हा करून ठेवायचा? उसाचा रस गोठवून किसला तर चालतो का? आमरसाचं काय करायचं? या पुस्तकाचं उत्तर असं की तो बर्फावर ओतण्यापेक्षा दुधात मिसळून त्याचाच ठोकळा करावा. वेलची आणि केशर घालून आटवलेलं दूध हे तर आपल्याकडचं आयतं ‘स्नो कॅप’.

काळ्याखट्ट्याला पुस्तकाने मानाचं स्थान दिलं आहे आणि ते योग्य आहे. बाटलीतल्या काळ्याखट्ट्यात बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड, रंग आणि साखर यांपलीकडे फारसं काही नसतं. पिकलेल्या जांभळाचा रस, लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मिरपूड एवढ्यावर घरचा काळाखट्टा उभा राहतो. त्याचा रंग बाटलीइतका काळा येत नाही, जांभळाच ठेवावा. जीभ मात्र तितकीच रंगते.

मधुमेह असलेल्यांनी आणि साखर मोजून खाणाऱ्यांनी पुस्तक बाजूला ठेवायची गरज नाही. वाटीतलं बहुतेक वजन पाण्याचं असतं, आणि ताक, लिंबू-मिठाचं पाणी किंवा सोलकढी यांचे बिनसाखरेचे ठोकळेही किसता येतात. सोलकढीचा कीस माशांच्या जेवणानंतर खाऊन पाहावा, ही या प्रस्तावनेची एकमेव आगंतुक शिफारस.

पान उलटण्याआधी वाचकाने एवढं करावं. यंत्रासोबत आलेला साचा गाळलेल्या पाण्याने काठाखाली बोटभर राखून भरावा, झाकण लावावं आणि फ्रीजरमध्ये सपाट जागी ठेवावा. तो पूर्ण गोठायला एक दिवस लागतो.